विश्लेषण : राज्य घरात राहावे म्हणून घरातच लग्ने… स्पेनच्या दुसऱ्या कार्लोसबरोबर हॅब्सबर्ग राजवट कशी संपली?

स्पेनचा राजा दुसरा कार्लोस १ नोव्हेंबर १७०० रोजी माद्रिदच्या राजवाड्यात मरण पावला. एकोणचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर आला होता. दोन लग्ने होऊनही त्याला मूल नव्हते. त्याच्याबरोबर स्पेनमधील हॅब्सबर्ग घराण्याची सुमारे दोनशे वर्षांची सत्ता संपली आणि त्याच्या राज्याच्या वाटणीवरून युरोपात तेरा वर्षांहून अधिक काळ युद्ध पेटले. हयातीत लोक त्याला करणी झालेला राजा म्हणत. आज त्याचे नाव रक्ताच्या नात्यातील विवाहांच्या दुष्परिणामांचे उदाहरण म्हणून घेतले जाते. त्याच्या आयुष्यात नेमके काय घडले आणि त्यातले किती आनुवंशिकतेच्या माथी मारता येते, याविषयी…

दुसरा कार्लोस कोण होता?

कार्लोसचा जन्म ६ नोव्हेंबर १६६१ रोजी माद्रिद येथे झाला. वडील स्पेनचा राजा चौथा फिलिप, आई ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग शाखेतील मारियाना. इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेख चार्ल्स दुसरा असा येतो, त्यामुळे मराठी वाचकाचा गोंधळ होऊ शकतो. मुंबई बेट आंदण मिळालेला दुसरा चार्ल्स हा इंग्लंडचा राजा. योगायोगाने ते आंदण ठरवणारा करारही १६६१ सालचाच. स्पेनच्या कार्लोसचा त्याच्याशी संबंध नाही. कार्लोसच्या वाट्याला आलेले राज्य मात्र इंग्लंडच्या कितीतरी पट मोठे होते. स्पेन, इटलीतील नेपल्स, सिसिली, सार्डिनिया आणि मिलान, आजचा बेल्जियम, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या अमेरिकेतील वसाहती आणि आशियातील फिलिपिन्स हे सारे त्याचे होते.

हॅब्सबर्ग नात्यातच लग्ने का करत?

हॅब्सबर्गांनी जेवढे राज्य लढाईने मिळवले, त्याहून अधिक लग्नांनी मिळवले. १४९६ मध्ये या घराण्याच्या फिलिपचे लग्न स्पेनच्या राजकन्येशी, हुआनाशी झाले. तिच्या भावंडांच्या मृत्यूंमुळे वारसा तिच्याकडे आला आणि पुढे तिच्या मुलाच्या हाती स्पेनसह अर्धा युरोप आला. परघरातील राजकन्या आणली की तिच्यासोबत राज्य येते, हे या घराण्याने अनुभवले होते. आपली राजकन्या परघरी दिली, तर राज्यावरचा हक्कही तिकडे जाऊ शकतो, हेही त्यांना कळत होते. सोळाव्या शतकाच्या मध्याला घराण्याच्या स्पॅनिश आणि ऑस्ट्रियन अशा दोन शाखा झाल्या. तेव्हापासून एका शाखेने दुसऱ्या शाखेला मुली द्यायच्या आणि तिच्या मुली करून घ्यायच्या, असा परिपाठ पडला.

त्यात धर्माची अट होती. युरोप कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असा विभागला गेल्यावर कट्टर कॅथलिक हॅब्सबर्गांना इंग्लंड किंवा उत्तर जर्मनीतील बहुतेक घराणी वर्ज्य झाली. बरोबरीच्या मानाची कॅथलिक घराणी मोजकीच, त्यातले फ्रान्सचे घराणे कायमचे प्रतिस्पर्धी. जवळच्या नात्यात लग्न करण्यास चर्चची मनाई होती, पण राजघराण्यांना पोपकडून खास परवानगी मिळे. त्यामुळे नियमाचा अडसर राहिला नाही.

आजी की आत्या? नात्यांचा गुंता किती होता?

चौथ्या फिलिपला पहिल्या लग्नापासून एक मुलगा होता, बाल्तासार कार्लोस. त्याचे लग्न त्याच्या आतेबहिणीशी, मारियानाशी ठरले होते. १६४६ मध्ये हा राजपुत्र सोळाव्या वर्षी वारला. राजाकडे पुरुष वारस उरला नाही. तेव्हा विधुर फिलिपने सुनेच्या जागी ठरलेल्या त्याच मुलीशी १६४९ मध्ये स्वतः लग्न केले. तो ४४ वर्षांचा, ती १४ वर्षांची. ती त्याच्या सख्ख्या बहिणीची मुलगी, म्हणजे भाची होती.

या लग्नातून जन्मलेल्या कार्लोसची नाती मांडायला बसले, तर एकाच माणसासमोर दोन-दोन नावे लिहावी लागतात. त्याच्या आईची आई ही त्याची आजी, आणि वडिलांची बहीण म्हणून आत्याही. आई ही आत्याची मुलगी म्हणून आतेबहीण. वडील हे आईचे मामा. वडिलांचे आई-वडील हे त्याचे आजी-आजोबा, आणि आईच्या बाजूने पणजी-पणजोबाही तेच. शिवाय हे पहिलेच मामा-भाची लग्न नव्हते. कार्लोसचा पणजोबा दुसरा फिलिप यानेही १५७० मध्ये भाचीशीच लग्न केले होते. कार्लोसचे सगळे पणजी-पणजोबा हुआना आणि तिच्या हॅब्सबर्ग पतीचे वंशज निघतात.

कार्लोसचे बालपण कसे गेले?

फिलिप आणि मारियाना यांना पाच मुले झाली. त्यातली मार्गारिटा तेरेसा आणि कार्लोस ही दोनच मोठी झाली. जवळपास चार वर्षांचा युवराज फिलिप प्रोस्पेरो १ नोव्हेंबर १६६१ रोजी गेला आणि पाचच दिवसांनी कार्लोस जन्मला. त्यामुळे पाळण्यात असतानाच साऱ्या साम्राज्याची आशा त्याच्यावर येऊन ठेपली. तो सशक्त असल्याचे दरबाराने जाहीर केले, पण परदेशी वकिलांना त्याची खात्री वाटत नव्हती.

बाळ अशक्त होते. जवळपास चार वर्षांचा होईपर्यंत दाया त्याला अंगावर पाजत होत्या. तो चौथ्या वर्षाच्या सुमारास बोलू लागला आणि आठव्या वर्षाच्या सुमारास नीट चालू लागला, असे जुन्या नोंदी सांगतात. खालचा जबडा पुढे आलेला असल्याने वरचे आणि खालचे दात एकमेकांवर बसत नसत. अन्न नीट चावता येत नसे, म्हणून पोटाच्या तक्रारी कायम असत. जबड्याची ही ठेवण घराण्यात पिढ्यानपिढ्या चालत आली होती. चित्रकार कारेन्यो दे मिरांडा याने काढलेल्या त्याच्या व्यक्तिचित्रांतही ती लपलेली नाही. मूल दगावेल या भीतीने त्याच्यावर अभ्यासाचा भार टाकला गेला नाही. परिणामी, पुढे जे राज्य चालवायचे त्याचे शिक्षणही त्याला धड मिळाले नाही.

राज्य कोण चालवत होते?

१७ सप्टेंबर १६६५ रोजी चौथा फिलिप वारला. कार्लोस चार वर्षांचाही नव्हता. मृत्युपत्राप्रमाणे कारभार मारियानाकडे गेला. तिने आधी आपला धर्मगुरू निटहार्ड आणि नंतर व्हालेन्सुएला नावाचा दरबारी यांच्या सल्ल्याने राज्य चालवले. १६६८ मध्ये स्पेनला पोर्तुगालचे स्वातंत्र्य मान्य करावे लागले. १५८० ते १६४० अशी साठ वर्षे पोर्तुगाल आणि त्यासोबत गोवा, वसई, चौल ही ठाणीही याच हॅब्सबर्ग राजांच्या छत्राखाली होती. त्या अध्यायावर या तहाने कायमचा पडदा पडला. पुढे १६७८ च्या तहात फ्रान्सच्या चौदाव्या लुईने फ्रांश-कोंते हा प्रांतही घेतला.

मारियानाला आव्हान दिले ते राजाच्या सावत्र भावाने. दोन हुआन होसे हा चौथ्या फिलिपला एका नटीपासून झालेला मुलगा. तो धडधाकट होता, सैन्याचे नेतृत्व केलेला होता आणि लोकप्रियही होता. पण अनौरस असल्याने सिंहासन त्याचे होऊ शकत नव्हते. नात्याबाहेरच्या आईचा सुदृढ मुलगा वारसाहक्काच्या बाहेर आणि भाचीच्या पोटचा आजारी मुलगा गादीवर, अशी ही स्थिती होती. १६७७ मध्ये दोन हुआनने सत्ता हाती घेतली आणि मारियानाला माद्रिदबाहेर पाठवले. दोनच वर्षांनी तो वारला आणि आई दरबारात परतली.

मूल होत नाही, दोष कोणाला?

१६७९ मध्ये कार्लोसचे लग्न चौदाव्या लुईच्या पुतणीशी, मारी लुईझशी झाले. तो तिच्यावर मनापासून प्रेम करत असे. पण वर्षे गेली तरी पाळणा हलला नाही. औषधे झाली, नवस झाले. बोट मात्र राणीकडे दाखवले जाई, त्यात ती शत्रूच्या देशातली. फेब्रुवारी १६८९ मध्ये ती अवघ्या २६ व्या वर्षी अचानक वारली. विषप्रयोगाच्या अफवा उठल्या, पण पुरावा मिळाला नाही.

त्याच वर्षी राजाचे दुसरे लग्न ठरवताना वधूपेक्षा तिच्या आईकडे अधिक पाहिले गेले. न्यूबर्गच्या मारिया आनाच्या आईला बरीच अपत्ये झाली होती, म्हणून मुलगीही तशीच निघेल असा हिशेब होता. तिलाही मूल झाले नाही. दोन्ही राण्यांवर वारस देण्याचे ओझे टाकले गेले. राजाच्या प्रकृतीबद्दल कुजबुज होत असली, तरी उघड बोलण्याची सोय नव्हती.

करणीचा संशय कुठून आला?

राजाच्या दुखण्याला नाव सापडत नव्हते. त्याला झटके येत, पोट बिघडे, सूज येई. १६९८ च्या सुमारास त्याचा धर्मगुरू फ्रोइलान दियास याने एका भूत उतरवणाऱ्या धर्मगुरूची मदत घेतली. चौदाव्या वर्षी चॉकलेटच्या पेल्यातून राजावर करणी केली गेली, असे त्यातून पुढे आले. मग राजावर मंत्रतंत्र आणि विधी सुरू झाले. ते आधीच खचलेल्या माणसाला आणखी घाबरवणारे होते. ‘एल एचिझादो’, म्हणजे करणी झालेला, हे नाव त्याला कायमचे चिकटले. पुढे याच प्रकरणी दियासवर धर्मन्यायालयात खटला झाला.

आज हे हास्यास्पद वाटेल. पण एकाच घरातली मुले एकामागून एक का दगावतात, वाचलेले मूल आजारी का असते, याचे उत्तर देणारे शास्त्र तेव्हा नव्हते. आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल जन्माला यायला अजून सव्वाशे वर्षे होती.

अखेर राज्य कोणाला मिळाले?

राजा जिवंत असतानाच युरोपात त्याच्या राज्याचे हिस्से पडू लागले. १६९८ मध्ये फ्रान्स, इंग्लंड आणि हॉलंड यांनी स्पेनला न विचारता वाटणीचा करार केला. त्यावर कार्लोसने सारे राज्य बव्हेरियाच्या योसेफ फर्डिनांड या लहान राजपुत्राच्या नावे केले. हा त्याची बहीण मार्गारिटाच्या मुलीचा मुलगा. पण फेब्रुवारी १६९९ मध्ये सहा वर्षांचा हा मुलगाही वारला. १७०० मध्ये वाटणीचा दुसरा करार झाला.

ऑक्टोबर १७०० मध्ये मरणाच्या दारात असलेल्या कार्लोसने शेवटचे मृत्युपत्र केले. राज्याचे तुकडे होऊ द्यायचे नाहीत, हा त्याचा एकच आग्रह होता. त्यासाठी त्याने स्वतःच्या घराण्याला डावलून सावत्र बहिणीचा नातू, म्हणजे चौदाव्या लुईचाही नातू, आंजूचा फिलिप याला वारस नेमले. राज्य सलग ठेवण्याचे बळ फ्रान्सपाशीच आहे, असा विचार त्यामागे होता. फ्रान्सने नकार दिला, तरच सारे राज्य ऑस्ट्रियाच्या धाकट्या राजपुत्राकडे जायचे होते. लुईने मृत्युपत्र स्वीकारले आणि ऑस्ट्रिया, इंग्लंड, हॉलंड त्याविरुद्ध उभे राहिले. १७०१ ते १७१४ पर्यंत चाललेल्या युद्धानंतर फिलिपकडे स्पेन आणि अमेरिकेतील वसाहती राहिल्या. बेल्जियम, मिलान, नेपल्स, सार्डिनिया ऑस्ट्रियाकडे, सिसिली सॅव्हॉयकडे, तर जिब्राल्टर आणि मिनोर्का ब्रिटनकडे गेले. जिब्राल्टर आजही ब्रिटनकडेच आहे.

नात्यातील लग्नाने नेमके काय बिघडते?

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यात असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. अनेक दोष असे असतात की एक प्रत चांगली असली तर दुसरीतला दोष झाकला जातो. असा दोष जवळजवळ प्रत्येकाच्याच अंगी कुठेतरी लपलेला असतो. आई-वडील परके असतील, तर दोघांत नेमका तोच दोष असण्याची शक्यता कमी. ते एकाच आजी-आजोबांचे वंशज असतील, तर तोच दोष दोन्हीकडून मुलात उतरण्याची शक्यता वाढते.

हे मोजण्यासाठी अंतःप्रजनन गुणांक वापरतात. सख्ख्या चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या लग्नातील मुलाचा गुणांक ०.०६२५, मामा-भाचीच्या मुलाचा ०.१२५, तर सख्ख्या भावाबहिणीपासून झालेल्या मुलाचा ०.२५ असतो. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी, तर दक्षिण भारतातील काही समाजांत भाचीशी लग्नाची रूढी आहे. अशा एका लग्नाने मुलात दोष येईलच असे नाही. आते-मामे भावंडांच्या लग्नात गंभीर जन्मजात दोषांची जोखीम सर्वसाधारण जोखमीपेक्षा साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. घरात आनुवंशिक आजार असेल तर मात्र लग्नाआधी तज्ज्ञांचा सल्ला घेणे शहाणपणाचे. हॅब्सबर्गांच्या बाबतीत असे लग्न एकदा नव्हे, पिढ्यामागून पिढ्या होत राहिले.

संशोधन काय सांगते?

स्पेनच्या सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठातील गोन्सालो अल्वारेस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हॅब्सबर्गांची वंशावळ तपासली. सोळा पिढ्या आणि तीन हजारांहून अधिक व्यक्ती त्यात होत्या. या स्पॅनिश राजांच्या अकरा लग्नांपैकी नऊ लग्ने रक्ताच्या नात्यात झाली होती. घराण्याच्या पहिल्या फिलिपचा गुणांक ०.०२५ होता. दुसऱ्या कार्लोसपर्यंत तो ०.२५४ वर पोहोचला, म्हणजे सख्ख्या बहीण-भावाच्या मुलापेक्षाही किंचित अधिक. त्याच्या दर चार जनुकांपैकी साधारण एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता होती.

१५२७ ते १६६१ या काळात स्पॅनिश राजघराण्यात जन्मलेल्या ३४ मुलांपैकी १० पहिल्या वाढदिवसाआधीच गेली आणि १७ मुलांनी दहावे वर्ष पाहिले नाही. उत्तम अन्न, निवारा आणि वैद्य हाताशी असलेल्या घरातले हे प्रमाण आहे. कार्लोसची लक्षणे पाहता त्याला पिट्युटरी ग्रंथीतील संप्रेरकांची कमतरता आणि मूत्रपिंडाचा एक विकार, असे दोन आनुवंशिक आजार एकत्र असावेत, असा अंदाज या संशोधकांनी मांडला. २०१९ मध्ये याच संशोधकांपैकी काहींनी घराण्यातील १५ जणांची ६६ चित्रे दहा शल्यविशारदांकडून तपासून घेतली. गुणांक जितका जास्त, तितकी खालच्या जबड्याची विकृती अधिक, असा संबंध त्यात दिसला.

मग सारा दोष रक्ताचाच का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. कार्लोसच्या अवशेषांची जनुकीय तपासणी होऊन हे निदान झालेले नाही. ते जुन्या वर्णनांवरून बांधलेले आहे. ती वर्णने करणाऱ्यांमध्ये वारसाहक्काच्या स्पर्धेत गुंतलेल्या देशांचे वकीलही होते. राजा जितका दुबळा दिसेल, तितके त्यांच्या पथ्यावर पडणार होते. त्याच्या शवविच्छेदनात हृदय मिरीच्या दाण्याएवढे निघाले आणि शरीरात रक्ताचा थेंब नव्हता, अशी कथा अजूनही सांगितली जाते. पण तशा शरीराने कोणी ३८ वर्षे जगू शकत नाही. कार्लोस शिकार करत असे, दरबार भरवत असे. १६८० मध्ये त्याच्या राजवटीत घसरलेल्या तांब्याच्या नाण्यांचे मूल्य कमी करण्यात आले. त्याने लोकांना आधी मोठा चटका बसला, पण पुढे चलन स्थिरावले. त्याच्या काळातील स्पेन पूर्वी मानले जाई तितका मोडकळीस आला नव्हता, असे आता अनेक इतिहासकार मानतात.

खुद्द त्याच्या घरातही गुणांकाचे फळ सर्वांना सारखे मिळाले नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातील व्हेलास्केसच्या ‘लास मेनिनास’ या चित्रात मधोमध उभी असलेली सोनेरी केसांची छोटी राजकन्या म्हणजे कार्लोसची सख्खी बहीण मार्गारिटा. आई-वडील तेच, म्हणून गुणांकही तोच. तरी ती भावासारखी आजारी नव्हती. गुणांक शक्यता सांगतो, भविष्य नाही.

मात्र घराण्याने तिलाही त्याच वाटेने नेले. १६६६ मध्ये तिचे लग्न सख्ख्या मामाशी, सम्राट लिओपोल्डशी झाले. सहा वर्षांत चार बाळंतपणे झाली आणि १६७३ मध्ये ती २१ व्या वर्षी गेली. चारपैकी एकच मुलगी जगली. तिचा गुणांक कार्लोसपेक्षाही जास्त, ०.३०५ होता. तिचाच मुलगा तो बव्हेरियाचा राजपुत्र, ज्याच्या नावे कार्लोसने राज्य लिहून दिले होते. या लग्नांचे निर्णय घेणाऱ्यांना राज्य घराबाहेर जाऊ द्यायचे नव्हते. ते राज्य तर वाटले गेलेच, आणि ज्यांना कोणी विचारले नव्हते अशा मुलांनी त्याची किंमत मोजली.